पन्नास माणसांतलं लग्न

'आदर्श' हा शब्द दिसला की अजून माझं डोकं फिरतं. जालन्यातल्या एका छोट्या दैनिकात मी बरीच वर्षं गावोगावच्या बातमीदारांचा मजकूर दुरुस्त करतो. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, वाक्य सरळ करायचं, मथळा द्यायचा, एवढंच काम. लग्नसराईत त्यात एक बातमी ठरलेली असते. मुलगी बघायला पाहुणे आले, पसंती झाली, लगेच साखरपुडा झाला, आणि मग चार जाणती माणसं म्हणाली, आता पुन्हा खर्च कशाला, हळद लावा आणि उरकून टाका. सकाळी चहा-पोह्याला आलेले पाहुणे संध्याकाळी सून घेऊन जातात. मथळाही ठरलेला, 'साखरपुड्यातच विवाह, समाजापुढे नवा आदर्श'. खाली फोटो. फोटोत मधोमध पुढारी, त्यांच्या दोन्ही बाजूंनी पाहुणे आणि कडेला कुठंतरी नवरी. आज आपलं लग्न आहे हे त्या मुलीला सकाळी उठताना माहीत होतं का, हे कोणी बातमीदार कधी लिहीत नाही. मी एकदा संपादकसाहेबांना तसं म्हणालो. ते म्हणाले, तुमचं काम शुद्धलेखन बघायचं आहे.

मग कोरोना आला आणि या रीतीला आयता परवाना मिळाला. आधी सगळंच बंद होतं. नंतर लग्नाला पन्नास माणसं चालतील असं जाहीर झालं. सरकारला वाटलं, आपण गर्दीला लगाम घातला. आमच्या भागातल्या लोकांना वाटलं, सूट लागली. पंगती नाहीत, बँड नाही, मंडप नाही, मानपान नाही. भाऊबंदांनी विचारलं की हात वर करायचे, बंदीच आहे, आम्ही काय करणार. असा मोका पुन्हा येणार नाही असं एकमेकांना सांगत लोकांनी पोरी उजवायचा सपाटा लावला. थोरलीचं ठरलेलं होतं, तर त्याच मांडवात धाकटीचंही. धाकटी केवढी आहे हे विचारायला शाळा उघडी नव्हती आणि मास्तर गावात नव्हते. आजारानं नेलेली माणसं रोज पेपरात यायची. या मुली कुठल्याच बातमीत आल्या नाहीत, आणि आल्या त्या आदर्श म्हणून.

माझी धाकटी बहीण भोकरदन तालुक्यात दिलेली आहे. केदारखेड्याच्या पुढं मुख्य रस्ता सोडून आत गेलं की तिचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथले लोक म्हणतील, आमच्याच गावात झालं का, आणि त्यांचं म्हणणं खरं असेल. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, काळीपिवळी जीप चालवतात. बाजाराच्या दिवशी पिंपळगाव रेणुकाई, एरवी भोकरदन, आणि उन्हाळ्यात वऱ्हाडं. वर्षाची खरी कमाई वऱ्हाडांचीच. लॉकडाऊन लागला आणि जीप ऐन सीझनमध्ये दारात उभी राहिली. दाजी दिवसभर ओट्यावर बसून तिच्याकडं बघत. माणूस कष्टाळू. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोला वेडंवाकडं बोलणं नाही. म्हणून तर मला जास्त राग येतो. नालायक असते तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

त्यांची थोरली मुलगी, माझी भाची, तेव्हा नववीत होती. परीक्षा न घेता त्या वर्षी सगळ्यांना वरच्या वर्गात ढकललं, त्यात तीही दहावीत गेली. पोरगी भारी आगाऊ. आमचा पेपर शेजारच्या घरी यायचा, तो मागून आणून वाचायची, आणि एखादी चूक सापडली की मला फोन करून माझी फजिती करायची. मामा, तुमच्या पेपरात आज आमदारांनी 'भूमिपूजन' दोनदा केलं, असं म्हणून खिदळत बसायची. दहावीला तिनं जालन्याला माझ्याकडं यायचं, हे संक्रांतीलाच ठरलं होतं. दाजींनी स्वतः मान डोलावली होती. माझ्या बायकोनं खिडकीजवळचा शिवणयंत्राचा कोपरा मोकळा करून तिथं टेबल लावून ठेवलं होतं. नव्या शाळेत मुलींना सायकल लावायला जागा आहे का, हे भाचीनं मला तीनदा विचारून घेतलं होतं.

शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाइलवर आला. मोबाइल घरात एक, तो दाजींचा, आणि जीप बंद म्हणून नेटचा रिचार्जही बंद. भाची महिनाभर पुस्तक घेऊन बसली असेल. मग घरातली कामं तिच्याकडं सरकत गेली. घरी बसलेली मुलगी आईबापाच्या डोळ्यांत लवकर मोठी होते. शाळेच्या गणवेशात ती त्यांना लहान दिसायची, चुलीपुढं बसायला लागल्यावर लग्नाची दिसायला लागली.

मे महिन्यात बहिणीचा फोन आला. दादा, पोरीचं जमून राह्यलं, असं ती म्हणाली, आणि पुढं सगळं एका दमात सांगितलं. स्थळ शेजारच्या जिल्ह्यातलं. मुलगा पुण्यात कंपनीत होता, कंपनी बंद पडली म्हणून गावी आला होता. तो पुन्हा पुण्याला जायच्या आत त्याच्या आईबापाला सून आणायची होती. देणंघेणं काही नाही, पन्नास माणसांत करायचं. हे सांगताना तिच्या आवाजात जो हलकेपणा होता, तो ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, दाजींना फोन दे.

मी दाजींना काय काय बोललो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. मुलगी पंधरा वर्षांची आहे, हा गुन्हा आहे, तुम्हाला आत घालतील, हे तर बोललोच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"शाळा बंद हाये, पोरगी घरी बसून राह्यली, जीप दारात उभी हाये," ते म्हणाले. "उद्या सगळं खुलं झालं की गावजेवण घालावं लागंल. तवा तुम्ही येताल का पंगती उठवायला? आन् कायद्याचं म्हणाल, तर कायदा बी घरीच बसून राह्यला सध्या."

त्यांचं शेवटचं वाक्य खरं होतं, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला, शेजारणीच्या मोबाइलवरून, चोरून. ती रडत नव्हती. रडली असती तर मी तिला धीर दिला असता. ती घाईघाईनं विचारत होती, मामा, मी काय करू, न्हाई म्हणलं तर आई बोलतच न्हाई माझ्याशी. आमच्याकडं मामाला लग्नात एक ठरलेलं काम असतं. मामानं नवरीला हाताला धरून पाटावर आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं. मामा नसेल तर ब्राह्मण थांबतो, माणसं शोधाशोध करतात, मामा आल्याशिवाय पुढं सरकत नाहीत. निदान मला तरी तसं वाटत होतं. म्हणून मी तिला सांगितलं, "मी येतो. मी आल्याशिवाय पाटावर उभी राहू नकोस. मी मागं असलो की तू बिनधास्त नाही म्हण, पुढचं मी बघतो."

ती बराय म्हणाली आणि फोन ठेवला.

लग्न परवावर आलं असताना मी मोटारसायकल काढली. पेपरचं ओळखपत्र गळ्यात होतं, त्यामुळं नाक्यानाक्यावर पोलिसांनी सोडलं. राजूरला गणपतीमुळं एरवी पाय ठेवायला जागा नसते, तिथं रस्त्यावर कुत्री झोपली होती. केदारखेड्याच्या पुढं मी आत वळलो आणि गावाच्या तोंडावर थांबलो. रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या, त्यांच्या मागं बैलगाडी आडवी लावली होती, आणि पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, बाहेरच्यांना गावात बंदी.

तेव्हा प्रत्येक गावात अशा समित्या निघाल्या होत्या. इथल्या समितीचा म्होरक्या गावातला किराणा दुकानदार होता. बाकी सगळ्यांचे धंदे बसले आणि याचा उठला, असा तो काळ. माझ्याच वयाचा, माझ्याच अंगकाठीचा. बहिणीच्या घरी माझ्या शेजारी बसून जेवलेला माणूस. मला चांगला ओळखत होता, तरी दहा हात लांबून बोलला. तुम्ही जालन्याचे, तिथं पेशंट आहेत, गावात यायचं तर आधी चौदा दिवस शाळेत राहावं लागेल. मी विचारलं, परवा दुसऱ्या जिल्ह्यातून वऱ्हाड येणार आहे, ते किती दिवस शाळेत बसणार आहे? तो म्हणाला, त्यांच्याकडं पास आहे. जणू कोरोना पास बघून माघारी जात होता.

मागं फिरलो असतो तर खेळच संपला असता. शाळा निदान गावात होती, बहिणीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. तिथून दोन दिवसांत काहीतरी मार्ग निघेल असा मी हिशेब केला आणि म्हणालो, ठीक आहे, शाळेत बसतो. मी आत गेलो आणि त्यांनी फाटकाला बाहेरून कुलूप लावलं. कुलूप लावतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या, व्हरांडा आणि पुरुषभर उंचीची भिंत. बाहेर गल्लीच्या कोपऱ्यावर समितीची पोरं पाळीनं पहाऱ्याला. भाची इथंच चौथीपर्यंत शिकली. फळ्यावर मार्च महिन्यातली तारीख अजून तशीच होती. बेंच एका बाजूला रचून जमिनीवर सतरंजी टाकली होती. संध्याकाळी कोणीतरी फाटकापाशी भाकरी आणि पिठलं ठेवून गेलं, बहिणीच्याच हातचं. दाजींचा फोन बंद. शेजारणीला लावला, तिनं आवाज ओळखला आणि कट केला.

मग मी यंत्रणेच्या मागं लागलो. मुलांसाठी मदतीचा म्हणून जो नंबर असतो तो लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं नीट विचारून घेतलं आणि म्हणाल्या, आमची माणसं निघू शकत नाहीत, आम्ही ग्रामसेवकांना कळवतो. पोलिसांना लावला. ते म्हणाले, सगळे बंदोबस्तात आहेत, ग्रामसेवकांना सांगा. ग्रामसेवक दुसऱ्या दिवशी फाटकापाशी आले. लांब उभे राहिले, मास्क वर केला आणि म्हणाले, मी जाऊन आलो, तिथं लग्न नाही, फक्त साखरपुडा आहे, आणि साखरपुड्याला कायदा आडवा येत नाही. मी म्हणालो, साहेब, साखरपुड्यातच लग्न लावतात, तुम्हाला माहीत नाही का, तुमचेच फोटो असतात त्या बातम्यांत. ते म्हणाले, तुम्ही डोकं शांत ठेवा, बाहेरून आलेल्या माणसानं एवढं बोलणं बरं नाही.

मला तेव्हा हसू आलं होतं, रागाचं हसू. ज्या रीतीच्या बातम्यांना आमच्या पेपरनं वर्षानुवर्षं हार घातले, तीच आता माझ्या भाचीच्या गळ्याला फास म्हणून आली होती. साखरपुडा म्हटलं की अधिकाऱ्याचे हात बांधलेले. आणि लग्न लागून गेल्यावर अधिकारी म्हणणार, आता काय उपयोग, पोरीचा संसार का मोडता.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी टाचा उंचावून भिंतीवरून पाहिलं, तिथून गावाचं तोंड दिसत होतं. गावाच्या तोंडावरच्या काट्या बाजूला ओढल्या, बैलगाडी हलवली, आणि दोन गाड्या भरून वऱ्हाड आत आलं. निम्म्यांच्या तोंडाला काही नव्हतं. काही जणांचे मास्क हनुवटीवर होते. समितीची पोरं त्यांना वाट दाखवत होती. गाड्या गेल्यावर काट्या पुन्हा नीट रस्त्यावर टाकल्या. कोरोना तिथून आत यायला नको ना.

दुपारी स्पीकर सुरू झाला. आवाज मुद्दाम बारीक ठेवला होता, पण सगळीकडं सामसूम, त्यामुळं शब्द न शब्द ऐकू येत होता. 'नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं,' असं कोणीतरी माइकवर म्हणालं, आणि मी व्हरांड्यातून उठलो. आता शोधाशोध होईल, मामा कुठाय असं कोणीतरी विचारेल, असं मला अजूनही वाटत होतं. तरी मी बेंच भिंतीला लावला, वर चढलो आणि बाहेर उडी टाकली.

गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचलो असेन. तिथं समितीची पोरं बसलेली होती. त्यातला एक ओरडला, पॉझिटिव्ह आला, पॉझिटिव्ह. माझी तपासणीही कोणी केली नव्हती. पण त्या एका शब्दानं ओट्यावरच्या बाया पदर तोंडाला लावून आत पळाल्या आणि दारं लागली. मी ओरडून सांगत होतो की मला काही झालेलं नाही, तिकडं एका लेकराचं लग्न लावून राह्यलेत. कोणी ऐकलं नाही. मला हात लावायला कोणी तयार नव्हतं, म्हणून पोरांनी बांबू आणले आणि त्या बांबूंनी मला छातीवर, पोटावर ढोसत मागं रेटत नेलं. एक दगड गुडघ्यावर बसला. फाटकाचं कुलूप पुन्हा लागलं तेव्हा स्पीकरवर मंगलाष्टकं चालू झाली होती.

म्हणजे मामा मिळाला होता. मी फाटकाच्या आत उभा राहून शेवटच्या सावधानपर्यंत सगळं ऐकलं. टाळ्या झाल्या. मी आयुष्यात इतका राग कधी गिळला नव्हता, आणि तो अजून पचलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच दुकानदार आला आणि त्यानं कुलूप काढलं. जा आता तुम्ही, म्हणाला. मी विचारलं, चौदा दिवस झाले का? तो म्हणाला, तुम्हाला काही लक्षणं दिसत न्हाईत. लग्न झालं आणि माझा कोरोनाही बरा झाला.

बहिणीच्या घरी गेलो. भाची कालच सासरी गेली होती. बहिणीनं मान वर केली नाही. पोरीच्या मागं मामा म्हणून कोण उभं राहिलं, असं मी विचारलं. तिनं सांगितलं, समितीवाले दादा उभे राहिले, मानलेले मामा म्हणून. दुकानदारच. फेटा त्यानं बांधलेलाच होता, आणि तोंडाला मास्क होता. मी तिला नको नको ते बोललो. तिच्या हातचं पाणी न पिता निघालो. दाजी जीपच्या टपावर चढून ताडपत्री घट्ट करत होते, ते खाली उतरले नाहीत.

आठवड्यानं माझ्या टेबलावर बातमी आली, 'कोरोनाचे नियम पाळून साखरपुड्यातच विवाह, समाजापुढे आदर्श'. मी ती संपादकांच्या पुढ्यात टाकली आणि सांगितलं, ही माझी भाची आहे, पंधरा वर्षांची आहे, छापायचं तर हे छापा. त्यांनी कागद घडी घालून खणात टाकला. मग म्हणाले, बातमी घेत नाही, विषय संपवा. त्यांनी माझ्यावर मोठी मेहरबानी केली असं त्यांना वाटत होतं. तेव्हा अर्ध्या लोकांना कामावरून कमी केलं होतं, आणि मी गप्प राहिलो तर माझी खुर्ची शाबूत राहील, हे त्यांनी न बोलता सांगितलं. मी पोलिसांकडं लेखी तक्रारही दिली. तिचं पुढं काय झालं ते विचारायला गेलो की साहेब बंदोबस्तात असायचे.

शाळा उघडल्या तेव्हा ओळखीच्या एका शिक्षिकाबाईंनी सांगितलं, की त्यांच्या वर्गात मुलींची बाजू विरळ झाली आहे आणि हजेरी घेताना त्यांची नावं नुसती वाचून पुढं जायचं. मुलंही गळाली, कोणी वीटभट्टीवर, कोणी हॉटेलात. त्यांच्याबद्दल कोणी तावातावानं बोलत नाही. मास्क काढले, दुकानं उघडली, बँड वाजायला लागले, आणि सगळं पूर्वीसारखं झालं असं लोक म्हणायला लागले. दाजींची जीप पुन्हा वऱ्हाडं नेऊ लागली. जावई पुण्याला कंपनीत परत गेला. ज्याचं जे थांबलं होतं ते चालू झालं, एका माझ्या भाचीची शाळा सोडून.

भाची माझा फोन घेत नव्हती. पहिल्या वर्षी मी सारखा लावायचो, नंतर सणावाराला. बहीण म्हणायची, ती नाराज आहे तुझ्यावर. मला त्यात काही नवल वाटलं नाही. येतो म्हणून सांगितलेला मामा आला नाही, म्हणून पोरगी चिडली, बरोबरच आहे, असं मी समजून होतो. कुलपाचं तिला कळलं असेल, आज ना उद्या तिचा राग निवळेल, असंही वाटायचं.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला मी बहिणीकडं गेलो. भाची माहेरी आलेली होती, लेकराला घेऊन. मुलगी तीन वर्षांची असेल, ओट्यावर खडूनं रेघोट्या ओढत होती. भाचीनं मला पाणी आणून दिलं आणि समोर न बसता बाजूच्या खांबाला टेकून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आता फजिती करणाऱ्या पोरीचं काही उरलेलं नव्हतं. मला राहवलं नाही. मी म्हणालो, तुझ्या लग्नाच्या दिवशी मी इथंच होतो, शाळेत, त्यांनी मला येऊच दिलं नाही.

तिनं विचारलं, "कोणत्या शाळेत?"

मी सगळं सांगितलं. काट्या, कुलूप, भिंत, बांबू. ती खांबापासून पुढं आली. मग म्हणाली, "तुम्ही तर माझ्या मागं उभे होते."

मला आधी कळेना ती काय म्हणते आहे. मग तिनं सांगितलं. आईनं तिला घरात येऊन सांगितलं होतं, मामा आलेत, जालन्याहून आलेत, मांडवात उभे आहेत, आता तरी चल. ती निघाली ती मामा आहेत म्हणूनच. फेटा होता, मास्क होता, तिची मान खाली होती, आणि आईनं सांगितल्यावर तिनं वर बघून खात्री करायचं काही कारण नव्हतं. त्या माणसानं तिच्या हाताला धरून तिला पाटावर आणलं.

"तुम्ही म्हणले होते, मी मागं असलो की बिनधास्त न्हाई म्हण," ती म्हणाली. "मी वाट पाहून राह्यले, तुम्ही काहीतरी खुणावताल म्हणून. अंतरपाट धरला तरी वाट पाहून राह्यले. मंग मी जराशी मागं सरकले. तर मागून मला पुढं ढकललं. मला वाटलं, मामा बी त्यांच्यातलेच."

मी तिला सांगितलं तो कोण होता. त्याचं दुकान त्यांच्या घरापासून चार घरांवर आहे. त्या दिवशी सकाळीच ती लेकराला बिस्किटं आणायला तिथं जाऊन आली होती, आणि त्यानं मुलीच्या हातावर चॉकलेट ठेवलं होतं.

माझी बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा बघून मला तिची कीव यायला हवी होती, पण आली नाही, आजही येत नाही. पोरीनं कोणावर विश्वास ठेवला होता हे तिला माहीत होतं, आणि तिनं नेमका तोच वापरला.

भाची तिच्याकडं वळलीच नाही. ती मला विचारत होती.

"शाळेत तुम्हाला स्पीकर ऐकू येत होता ना? माइक माझ्याजवळच होता. मंग मी न्हाई म्हणले असते, तर तुम्हाला ऐकू आलं असतं."

"आलं असतं," मी म्हणालो.

"सगळ्या गावाला ऐकू आलं असतं," ती म्हणाली, आणि ओट्यावरच्या मुलीला उचलून आत घेऊन गेली.